मुंबईत भाड्याने राहताय आणि म्हाडाचं घर हवंय? मग जाहिरात यायच्या आधीच कामाला लागा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माणसाला सरकार दर महिन्याला भाड्याचे पैसे देतं अशी सरसकट योजना नाहीये. भाडं मिळतं ते ठराविक लोकांना, म्हणजे ज्यांची झोपडी एसआरएत म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत गेलीय किंवा ज्यांची जुनी उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) बिल्डिंग धोकादायक म्हणून रिकामी केलीय त्यांना, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलंय. बाकी आपण अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटवाले, दरवर्षी भाडं वाढतं आणि दर दोन-तीन वर्षांनी सामान उचलावं लागतं, आपल्यासाठी सरकारी घराचा मोठा दरवाजा म्हणजे म्हाडाची सोडत, म्हणजे लॉटरी, आणि नवी मुंबईत जायची तयारी असेल तर सिडको. मी इथे म्हाडाचंच लिहितेय कारण आमच्या भागात सोडत आली की बरेच जण फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात आणि तेच तेच अडथळे मी परत परत बघते.

लोकांना वाटतं घर लागलं नाही म्हणजे नशीब खराब. पण आता सोडतीत नाव जायच्या आधीच तुमचे कागद तपासले जातात. पूर्वी उलटं होतं, आधी सोडत आणि नंतर विजेत्यांची छाननी, त्यात वर्षं जायची. २०२३ पासून म्हाडाने नवीन सिस्टीम आणली, आयएचएलएमएस २.० म्हणतात तिला, त्यात नोंदणी करतानाच कागद अपलोड करायचे आणि ते पडताळून झाले की मगच तुम्ही अर्ज करू शकता. म्हणजे ज्याचा डोमिसाइल अडकला किंवा ज्याचं इन्कम सर्टिफिकेट चुकीच्या वर्षाचं निघालं तो सोडतीच्या डब्यात पोचतच नाही. आणि जाहिरात आल्यावर वेळ मिळतो साधारण महिनाभर. २०२४ ला मुंबई मंडळाचे अर्ज ९ ऑगस्टला सुरू झाले, शेवटची तारीख होती ४ सप्टेंबर, ती पुढे ढकलून १९ सप्टेंबर केली, पण दरवेळी तारीख वाढेलच असं धरून बसू नका.

मुंबईत सोडत दरवर्षी ठरलेल्या वेळी होते असंही नाही. २०१९ ला २१७ घरांची झाली आणि मग थेट २०२३ ला, ४०८२ घरांची. २०२४ ला ८ ऑक्टोबरला २०३० घरांची झाली आणि त्याला १ लाख १३ हजारांच्या वर अर्ज होते, म्हणजे एका घरामागे पंचावन्नच्या पुढे. २०२३ ला हेच प्रमाण एकास तीसच्या आसपास होतं. त्यामुळे एकदा संधी आली आणि कागदामुळे गेली तर पुढची कधी ते कोणी सांगत नाही, म्हणून मी लोकांना म्हणते की नोंदणी आजच करून ठेवा, ती जाहिरातीची वाट बघत नाही, एकदा केली की कायम राहते.

कोण अर्ज करू शकतं ते थोडक्यात. वय १८ पूर्ण, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा म्हणजे डोमिसाइल, आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत तुमच्या, नवरा-बायकोच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावावर मालकीचं घर नको. सासऱ्यांच्या नावावर चाळीत खोली आहे आणि तुम्ही त्यांच्यासोबत राहता, तर त्याने अडत नाही, नाव कोणाचं आहे ते बघतात. गावाला घर आहे म्हणून घाबरणारे पण खूप भेटतात, साध्या योजनेत गावचं घर आडवं येत नाही. पण जी घरं प्रधानमंत्री आवास योजनेतली असतात त्यांना नियम कडक आहे, तिथे भारतात कुठेही तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर पक्कं घर नको. जाहिरातीत त्या घरांपुढे तसं लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय टिक करू नका, कारण तुम्ही स्वतः घोषणापत्र देता आणि नंतर ते खोटं निघालं तर घर जातं.

आता उत्पन्न. यात सगळ्यात जास्त लोक चुकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्याच्यावर उच्च. हे उत्पन्न नवरा-बायको दोघांचं मिळून धरायचं. आई-वडील, भाऊ, कमावता मुलगा यांचं त्यात येत नाही. आता एखादा नवरा कंपनीत साडेपाच लाखांवर आहे आणि बायको क्लासेस घेऊन लाख-दीड लाख कमावते, तिने रिटर्नही भरलंय, आणि फॉर्मात फक्त नवऱ्याचं टाकून अत्यल्प गटात अर्ज केला, तर पॅनवरून ते कळणारच आहे. दोघांचं मिळून जे होतं तेच टाका. कमी उत्पन्नवाल्याला वरच्या गटात अर्ज करता येतो, जास्त उत्पन्नवाल्याला खालच्या गटात मात्र येता येत नाही. किती वरपर्यंत जाता येईल ते त्या त्या सोडतीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं.

आणि कोणत्या वर्षाचं उत्पन्न? जाहिरातीच्या आधी संपलेल्या आर्थिक वर्षाचं. २०२४ च्या सोडतीला १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ चं लागत होतं. आता इन्कम टॅक्सच्या रिटर्नवर आर्थिक वर्ष मोठ्या अक्षरात नसतं, असेसमेंट इयर असतं, आणि ते एक वर्ष पुढचं असतं, म्हणजे २०२३-२४ च्या कमाईचं रिटर्न असेसमेंट इयर २०२४-२५ चं. लोक २०२३-२४ छापलेलं बघून तेच अपलोड करतात आणि ते निघतं आदल्या वर्षाचं. अपलोड करायच्या आधी दोन्ही वर्षं एका कागदावर लिहून ताडून बघा.

रिटर्न भरत नसाल, म्हणजे रिक्षा चालवता, घरकाम करता, भाजीची गाडी आहे, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो, पण तोही त्याच वर्षाचा पाहिजे आणि दाखल्यावर ते वर्ष स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. माझं स्वतःचं मत असं की जमत असेल तर रिटर्नच भरा, टॅक्स बसत नसला तरी भरता येतं, आणि त्याचा खरा उपयोग घर लागल्यावर होतो, कारण बँक लोन देताना दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि तेव्हा मागच्या तारखेने काही करता येत नाही. मी तर म्हणेन ज्यांना पुढच्या चार-पाच वर्षांत कधीतरी घर घ्यायचंय त्या सगळ्यांनी ३१ जुलैची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवावी.

डोमिसाइलचं सांगते. जुना, पिवळा पडलेला, वडिलांनी कॉलेज अॅडमिशनसाठी काढलेला दाखला चालत नाही. १ जानेवारी २०१८ नंतर काढलेला, बारकोडवाला पाहिजे. आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो किंवा सेतू केंद्रात जा. महाराष्ट्रात शिकलेले असाल तर शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार यावर काम होतं. खरी अडचण भाडेकरूंची असते, कारण १५ वर्षांत पाच घरं बदललेली आणि प्रत्येक घराचा पुरावा नाही. कित्येकांचे मालक अॅग्रीमेंट रजिस्टरच करत नाहीत, नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहून देतात. अशा वेळी वेगवेगळ्या काळाचे वेगवेगळे कागद जोडून साखळी पूर्ण करायची, मुलांच्या शाळेचे बोनाफाइड, जुन्या बँक पासबुकाचं पहिलं पान, मतदार यादीतलं नाव, गॅसचं कार्ड, कंपनीचं नोकरीचं पत्र. आणि पुढच्यासाठी एवढं कराच, लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घ्या, मालक नाही म्हणाला तर अर्धा खर्च आपण देतो म्हणा पण करून घ्या. लग्न होऊन दुसऱ्या राज्यातून आलेल्या बायकांनी मॅरेज सर्टिफिकेट आणि नवऱ्याचा डोमिसाइल हाताशी ठेवायचा.

नावाचा घोळ हा वेगळाच विषय आहे. आधारवर नाव-नवऱ्याचं नाव-आडनाव, पॅनवर माहेरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. सिस्टीम मशीनने जुळवते, तिला आपली कहाणी सांगता येत नाही. आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, ते एकमेकांना लिंक आहेत का बघा, आधारला जो मोबाइल नंबर जोडलाय तो चालू आहे का बघा कारण ओटीपी तिथेच येतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्र लागेल. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या डिक्रीची कॉपी शोधून ठेवा. हे दुरुस्त करायला आठवडे लागतात म्हणूनच म्हणते, आत्ता करा.

राखीव गटातून भरणार असाल, अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के, शिवाय भटक्या आणि विमुक्त जमाती, दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, राज्य सरकारी कर्मचारी यांना वेगवेगळा कोटा आहे, तर त्याचं प्रमाणपत्र आधीपासून पाहिजे. जातीच्या दाखल्यासोबत व्हॅलिडिटी पण काढून ठेवा. व्हॅलिडिटीला किती वेळ जातो ते ज्यांनी मुलांच्या अॅडमिशनला काढलीय त्यांना माहीत आहे. कलाकारांचा कोटा आहे हे खूप जणांना माहीतच नसतं, तमाशात, नाटकात, वाद्यवृंदात काम करणारी माणसं सर्वसाधारण गटात लाखांच्या गर्दीत उभी राहतात, त्यांना कोणीतरी हे सांगायला पाहिजे म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

नोंदणी म्हाडाच्या साइटवर किंवा मोबाइल अॅपवर. साइटचा पत्ता टाइप करताना शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट निघालेल्या आहेत आणि लोकांनी त्यावर पैसे भरलेत. म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही, हे ते प्रत्येक जाहिरातीत छापतात. वांद्र्याला कलानगरच्या गृहनिर्माण भवनाच्या बाहेर किंवा ओळखीतून कोणी म्हणालं की आतून सेटिंग आहे, कोट्यातलं घर देतो, एवढे लाख रोख द्या, तर तिथून निघून या. सोडत कॉम्प्युटरवर निघते, सगळ्यांसमोर, ऑनलाइन लाइव्ह दाखवतात. मंगळसूत्र मोडून अशा माणसाला पैसे दिलेल्या बायका मी बघितल्यात, ते पैसे परत आले नाहीत. फॉर्म भरायला मदत घ्या, सायबर कॅफेवाल्याला त्याचे शंभर-दोनशे द्या, पण पासवर्ड आणि ओटीपी तुमच्याकडेच राहू द्या आणि मोबाइल नंबर तुमचाच टाका, त्याचा नाही.

जाहिरात आली की पहिल्या दिवशी फॉर्म भरायची घाई करू नका, पहिले दोन-तीन दिवस पुस्तिका वाचा. ती पन्नासेक पानांची पीडीएफ बघून लोक सोडून देतात आणि फक्त किमतीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्यात प्रत्येक ठिकाणाला संकेत क्रमांक असतो, आणि त्या संकेतात कोणत्या गटाला, कोणत्या प्रवर्गाला किती घरं आहेत त्याचा तक्ता असतो. एखाद्या संकेतात एकूण तीन घरं असतात आणि त्यातलं सर्वसाधारण गटाला एकच. तिथे अर्ज टाकणं आणि जिथे पाचशे घरं आहेत तिथे टाकणं यात फार फरक आहे. २०२३ ला पहाडी गोरेगावला अत्यल्प गटाची १९४७ घरं होती, एकाच ठिकाणी इतकी घरं मुंबईत क्वचित येतात, आणि तरीही मला भेटलेली माणसं दादरला एखादं घर आहे म्हणून तिथेच फॉर्म टाकून बसली होती. मुलांची शाळा दादरला आहे हे मला समजतं, पण आधी मुंबईत स्वतःचं छप्पर होऊ दे. एकाहून जास्त संकेतांना अर्ज करता येतो, फक्त प्रत्येकाला वेगळी फी आणि वेगळी अनामत लागते. नवरा आणि बायको दोघांनीही भरलं आणि दोघांना लागलं तर घर एकच ठेवता येतं.

घर नेमकं कुठून आलंय तेही बघा. म्हाडाने स्वतः बांधलेलं असतं, काही पुनर्विकासात बिल्डरकडून मिळालेलं असतं ज्याला पुस्तिकेत पुनर्विकासाच्या नियमांच्या नंबराने ३३(५), ३३(७) असं लिहितात, आणि काही मागच्या सोडतीतली उरलेली, विखुरलेली. बिल्डरच्या टॉवरमधलं घर दिसायला छान, लोकेशन एक नंबर, पण तिथे लिफ्ट, जिम, सिक्युरिटीचा मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच येऊ शकतो आणि अल्प गटातल्या कुटुंबाला दर महिन्याला तो झेपेल का हे आधी विचारून या. किमतीही तिथे जास्त असतात, २०२४ ला ओरड झाल्यावर अशा ३७० घरांच्या किमती म्हाडाला १० ते २५ टक्के कमी कराव्या लागल्या. रविवारी एक चक्कर मारा, वॉचमनशी बोला, राहणाऱ्यांना पाण्याचं विचारा, ओसी म्हणजे राहायला जाण्याचा परवाना मिळालाय का विचारा. बांधकाम चालू असेल तर ताबा मिळेपर्यंत इकडे भाडं आणि तिकडे हप्ता असं दोन्ही भरावं लागेल, तो हिशोब फॉर्म भरतानाच करायचा.

पैशांचं. अर्जाची फी ५०० आणि त्यावर जीएसटी मिळून ५९०, ती परत मिळत नाही. अनामत २०२४ ला अत्यल्पला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला १ लाख, उच्चला दीड लाख अशी होती, ती घर लागलं नाही तर तुमच्या खात्यात परत येते. म्हणून खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचंच द्या आणि आयएफएससी नवीन आहे का बघा, देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, अलाहाबाद या बँका विलीन झाल्यावर त्यांचे कोड बदललेत आणि जुन्या पासबुकावरचा टाकला की पैसे लटकतात. अनामत जास्त असेल तर यूपीआयची रोजची मर्यादा आडवी येते, मग आरटीजीएस किंवा एनईएफटीचं चलन काढून बँकेत भरावं लागतं, ते शेवटच्या दिवशी ठेवू नका, साइट पण तेव्हा रखडते. पैसे भरल्यावर पावती निघाली का बघा, नुसता सबमिट झालेला फॉर्म म्हणजे अर्ज नाही. आणि अनामतीसाठी व्याजाने पैसे काढू नका, सावकाराचं व्याज तुमच्या अनामतीवर कोणी परत देत नाही.

मोठा खर्च पुढे असतो. समजा घर ३० लाखांचं. बँक जास्तीत जास्त ९० टक्के देते, म्हणजे २७ लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण साडेतेवीस हजार बसतो. महिना चाळीस हजार कमावणाऱ्या घराला तो देणं सोपं नाही आणि बँकही एवढं लोन मंजूर करेलच असं नाही. वरचे ३ लाख तुमचे, शिवाय मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, हे लोनमध्ये येत नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ३० लाखांवर ते ३० हजार होतात, म्हणून बायकोच्या नावाने अर्ज करायचा विचार नक्की करा, सवलत तर आहेच आणि घर तिच्या नावावर असणं ही गोष्टही मला तेवढीच महत्त्वाची वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, जो सप्टेंबर २०२४ पासून आहे, व्याजात सवलत मिळते. कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि लोन २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. म्हणजे वरच्या उदाहरणात २७ ऐवजी २५ लाखच लोन घेतलं तर ही सवलत बसते, ते २ लाख आधीच बाजूला पडलेले असले की झालं. बँकेत जाऊन आपल्याला किती लोन बसेल हे सोडतीच्या आधीच विचारून या, सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड बघून घ्या, मोबाइलच्या ईएमआयचा एखादा चुकलेला हप्ता सुद्धा तिथे दिसतो.

अर्ज बंद झाल्यावर प्रारूप यादी येते. ती बघायचीच, नाव नसेल किंवा गट चुकला असेल तर दावे-हरकतींना मोजके दिवस असतात, ते गेले की संपलं. मग अंतिम यादी, मग सोडत. निकाल साइटवर त्याच दिवशी लागतो, एसएमएस येतो. यादीत नाव नसलं तरी प्रतीक्षा यादी बघा, पुढचा माणूस लोन न मिळाल्यामुळे घर सोडतो आणि मागच्याला मिळतं, असं होतं.

घर लागलं की आधी सूचना पत्र येतं, त्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन होकार द्यायचा, नाही दिला तर घर पुढच्याला जातं. मग देकार पत्र म्हणजे ऑफर लेटर येतं, त्यात आधी २५ टक्के आणि नंतर ७५ टक्के कधीपर्यंत भरायचे त्या तारखा असतात. तारीख चुकली की व्याज आणि आणखी चुकली की वाटप रद्द. लोनसाठी म्हाडाचं एनओसी लागतं, ते लगेच मागा कारण बँकेची फाइल त्याशिवाय हलत नाही. पाच वर्षं घर विकता येत नाही हेही लक्षात ठेवा, कोणी आधीच पॉवर ऑफ अॅटर्नीवर विकत घेतो म्हणालं तर अजिबात नको.

मुंबईत नाही लागलं तर कोकण मंडळ बघा, ठाणे, कल्याण, वसई, विरार, पनवेलकडची घरं त्यांच्याकडे असतात, ऑक्टोबर २०२५ ला त्यांची पाच हजारांवर घरांची सोडत झाली. तिथल्या मोठ्या खासगी प्रोजेक्टमध्ये म्हाडाला २० टक्के घरं द्यावी लागतात, ती पण यात येतात आणि बाजारापेक्षा स्वस्त पडतात. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी उरलेली घरं कोकण मंडळाने प्रथम येणाऱ्याला प्रथम प्राधान्य या तत्त्वावर विकायला काढली होती, सोडतच नाही, फ्लॅट बघून निवडायचा, अशी घरं अजून उरलीत का ते बघा. आधी तिथे पाण्याचा मोठा प्रश्न होता म्हणून लोक घेत नव्हते, सूर्या धरणाचं पाणी यायला लागल्यापासून चित्र बदललंय. लोकल रोज विरारहून धरायची ताकद आहे का एवढं घरात बसून ठरवा. आणि पुढच्या सोडतीच्या आधी प्रोफाइलमध्ये नवीन वर्षाचं रिटर्न अपलोड करायला विसरू नका, नोंदणी कायम असते पण उत्पन्न दरवर्षीचं लागतं.

आता भाड्याचं, ज्यांना खरंच हक्काने मिळतं त्यांचं. तुमची झोपडी एसआरएत पात्र आहे आणि बिल्डरने घर रिकामं करायला सांगितलं, तर नवीन घर मिळेपर्यंत एक तर संक्रमण शिबिरात (म्हणजे तात्पुरत्या घरात) जागा किंवा भाडं द्यायची जबाबदारी त्याची. भाडं बुडवायचे प्रकार इतके झाले की २०२३ ला एसआरएने नियम केला, दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि पुढच्या वर्षाचे चेक द्यायचे. त्यामुळे सोसायटीच्या कमिटीला विचारा, पैसे जमा झाले का, कागद दाखवा, आणि ते बघितल्याशिवाय झोपडी तोडायला देऊ नका. एकदा झोपडी पाडली की तुमच्या हातात जोर राहत नाही. भाडं थांबलं तर एकेकट्याने बिल्डरच्या ऑफिसला खेपा मारण्यापेक्षा दहा-वीस जणांनी मिळून एसआरएच्या वांद्र्याच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, सोबत पात्रता यादीतलं तुमचं नाव, करारनामा आणि ज्या बँक खात्यात भाडं यायचं त्याचं स्टेटमेंट जोडा, कुठल्या महिन्यापासून आलं नाही ते त्यात दिसतं.

आणि शहरातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या उपकरप्राप्त बिल्डिंगवाल्यांसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. दर पावसाळ्याआधी ते अतिधोकादायक इमारतींची यादी काढतात, २०२५ ला त्यात ९६ इमारती होत्या, आणि संक्रमण शिबिरात जागा नसेल तर महिना २० हजार भाडं द्यायचं ठरवलं. लोक शिबिराला घाबरून जीव धोक्यात घालून तिथेच राहतात, मला ते कळतं, एकदा गेलेली माणसं वीस-तीस वर्षं परत आली नाहीत हे सगळ्यांनी बघितलंय. पण छत कोसळल्यावर हक्कही सांगायला कोणी उरत नाही. निघताना मंडळाची रिकामं करायची नोटीस, भाडेपावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड सगळ्याच्या दोन-दोन कॉपी काढा, त्यातली एक नातेवाइकाकडे ठेवा, खोलीचे आणि बिल्डिंगचे फोटो काढा, आणि शिबिराचं वाटपपत्र किंवा भाड्याची मंजुरी लेखी घेऊनच किल्ली द्या. ज्यांची बिल्डिंग परत उभीच राहणार नाही त्यांच्यासाठी बृहतसूची म्हणजे मास्टर लिस्ट आहे, डिसेंबर २०२३ ला त्यातून २६५ जणांना पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या सोडतीने घरं दिली. त्या यादीत नाव लागायला शिबिरात तुम्ही मूळ भाडेकरू म्हणून गेलात याचा कागद लागतो, वडील गेले असतील तर वारसाची नोंद आत्ताच करून घ्या, दुरुस्ती मंडळात अर्ज द्या आणि कॉपीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.